विश्वात प्रतिद्रव्य का उरलं नाही? शेकडो मोजमापं एकत्र करून शोधला जाणारा 'गॅमा' कोन

पेट स्कॅन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं 'पी' म्हणजे पॉझिट्रॉन, अर्थात इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. रुग्णाला टोचलेल्या औषधातून पॉझिट्रॉन बाहेर पडतात, जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतात, दोघंही नाहीसे होतात आणि त्यातून निघालेले किरण यंत्र टिपतं. म्हणजे प्रतिद्रव्य ही काही फक्त सिनेमातली चीज नाही, ते मोठ्या हॉस्पिटलांत रोज वापरलं जातं. पण द्रव्याशी गाठ पडताच ते संपतं, त्यामुळे साठून राहिलेलं प्रतिद्रव्य आपल्याला कुठेच दिसत नाही.

कोडं इथूनच सुरू होतं. महास्फोटानंतर ऊर्जेतून कण तयार झाले, तेव्हा प्रत्येक कणासोबत त्याचा प्रतिकणही तयार झाला असणार. दोघं अगदी समसमान राहिले असते, तर एकमेकांना संपवून मागे जवळजवळ नुसता प्रकाश उरला असता. तसं झालं नाही. आज विश्वात प्रकाशकण किती आणि द्रव्याचे कण किती, हे ताडून पाहिलं तर हिशेब साधारण असा निघतो: सुरुवातीच्या काळात दर १०० कोटी प्रतिकणांमागे १०० कोटी एक कण होते. बाकीचे जोडीजोडीने गेले आणि वरचा एक उरला. तारे, सह्याद्री, तुमच्या हातातला मोबाईल हे सगळं त्या वरच्या एकातून आलंय.

हा एक जास्तीचा आला कुठून? रशियन शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये सांगितलं, की असं व्हायला तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यातली एक अट म्हणजे निसर्गाचे नियम कण आणि प्रतिकण यांच्यात थोडासा तरी भेदभाव करणारे हवेत. हा भेदभाव प्रयोगात किती दिसतो आणि तो कसा मोजतात, यावर हा लेख आहे. मोजण्याची पद्धतही मोठी गमतीची आहे, कारण कुठलंही एक मोजमाप पुरत नाही.

भेदभाव आधी सापडला, कारण नंतर

कणाच्या जागी प्रतिकण ठेवायचा आणि सोबत डावं-उजवं आरशासारखं उलटायचं, या दुहेरी अदलाबदलीला 'सीपी' म्हणतात. ती केल्यावर भौतिकशास्त्राचे नियम तसेच राहायला हवेत, असं १९६४ पर्यंत मानलं जायचं. त्या वर्षी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि त्यांचे सहकारी 'केऑन' नावाच्या कणांचं विघटन तपासत होते. दीर्घायुषी केऑनचं दोन पायॉनमध्ये विघटन होणं सीपीच्या नियमात बसत नव्हतं. पण दर हजारात साधारण दोन वेळा ते होत होतं. हजारात दोन, पण शून्य नव्हे. या कामासाठी क्रोनिन आणि फिच यांना १९८०चं नोबेल मिळालं.

हे का होतं, याचं उत्तर १९७३ मध्ये जपानमधून आलं. क्योतो विद्यापीठातले दोन तरुण, माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा, यांनी दाखवलं की क्वार्कचे चारच प्रकार असतील तर गणितात हा भेदभाव बसवायला जागाच नाही. सहा असतील तर एक जागा आपोआप निर्माण होते. आता यातलं धाडस बघा: त्या वेळी क्वार्कचे तीनच प्रकार माहीत होते. चौथा चार्म १९७४ मध्ये, पाचवा बॉटम १९७७ मध्ये आणि सहावा टॉप थेट १९९५ मध्ये सापडला. कोबायाशी आणि मास्कावा यांना २००८चं नोबेल मिळालं, तेही बी-मेसॉन या कणांवरच्या प्रयोगांनी त्यांचं म्हणणं खरं ठरवल्यानंतरच.

क्वार्कचा त्रिकोण

एक क्वार्क दुसऱ्या प्रकारच्या क्वार्कमध्ये बदलू शकतो. बॉटमचा चार्म होतो, कधीमधी अप होतो. कोणता बदल किती सहज होतो, हे नऊ आकड्यांच्या एका चौकटीत मांडतात. इटलीचे निकोला काबिब्बो आणि हे दोघे जपानी, अशा तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला 'सीकेएम' चौकट म्हणतात.

हे नऊ आकडे सुटे नाहीत. क्वार्क बदलून काही ना काही तर होणारच, म्हणजे सगळ्या शक्यतांची बेरीज पूर्ण भरली पाहिजे. या बंधनातून एक सुंदर गोष्ट निघते. चौकटीतल्या आकड्यांपासून तीन बाण तयार होतात आणि ते एकापुढे एक ठेवले की शेवटच्याचं टोक पहिल्याच्या शेपटाला येऊन मिळतं. झाला त्रिकोण. त्याच्या कोनांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणतात. (पेट स्कॅनमधल्या गॅमा किरणांशी या गॅमाचं काही नातं नाही. भौतिकशास्त्रात अक्षरं फार लवकर संपतात.)

हा त्रिकोण चपटा होऊन नुसती रेघ झाली असती, तर या चौकटीतून कण-प्रतिकणांत काहीही भेद निघाला नसता. त्रिकोणाला पोट आहे म्हणून भेदभाव आहे, आणि त्याचं क्षेत्रफळ जितकं जास्त तितका भेदभाव जास्त.

सातबारा आणि प्रत्यक्ष मोजणी

जमिनीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना पुढचा मुद्दा लगेच कळेल. सातबाऱ्यावर एक क्षेत्र लिहिलेलं असतं. मोजणी करून घेतली की दुसरा आकडा येतो. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर कुणीतरी बांध कोरलाय अशी शंका घ्यायला जागा असते.

गॅमा कोन असाच दोन वाटांनी काढता येतो. पहिली वाट आडून जाते: त्रिकोणाच्या बाजू आणि दुसरे कोन मोजायचे आणि त्यावरून गॅमा किती असायला हवा ते काढायचं. यातली काही मोजमापं अशा प्रक्रियांवर आधारलेली आहेत, ज्यांच्या मधल्या टप्प्यात अजून न सापडलेले जड कण गुपचूप हात मारून जाऊ शकतात. या वाटेने उत्तर येतं सुमारे ६५ ते ६६ अंश.

दुसरी वाट सरळ आहे. बी-मेसॉनचं अगदी साधं विघटन घ्यायचं, ज्यात नव्या कणांना घुसायला फारसा वाव नाही, आणि त्यातून थेट गॅमा काढायचा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर बांध कोरणारा कुणीतरी आहे हे नक्की. या सरळ वाटेची सैद्धांतिक बाजू कमालीची स्वच्छ आहे. २०१३ मध्ये योआखिम ब्रॉड आणि युरे झुपान यांनी हिशेब केला, की गणितातली अंगभूत चूक कोटीत एक भागाच्या आसपासच आहे. म्हणजे चूक राहिली तर ती मोजणाऱ्याकडून राहील, सूत्राकडून नाही.

मग मोजून टाकायचं की! पण ते तितकं सोपं नाही.

दोन लाटा आणि तीन अज्ञात

ऋण भार असलेला बी-मेसॉन घ्या. त्याचं विघटन होऊन एक डी-मेसॉन आणि एक केऑन निघतो. हे दोन प्रकारे घडू शकतं. बहुतेक वेळा बॉटमचा चार्म होतो आणि 'डी' निघतो. क्वचित बॉटमचा अप होतो आणि 'प्रति-डी' निघतो. पुढे हे डी आणि प्रति-डी दोन्ही जर एकाच प्रकारच्या कणांत मोडले, तर बघणाऱ्याला मधली वाट कोणती होती ते सांगता येत नाही. क्वांटम नियमाप्रमाणे अशा वेळी दोन्ही वाटा लाटांसारख्या एकमेकींत मिसळतात. लाटेवर लाट आली की कुठे पाणी उंच चढतं, कुठे सपाट होतं, तसंच.

पाणी किती चढेल हे तीन गोष्टींवर ठरतं. दुसरी लाट पहिलीच्या किती पट आहे (या विघटनात सुमारे एक दशांश). दोघींच्या लयीत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलामुळे किती अंतर पडलं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपला गॅमा, तोही लयीतलंच अंतर. कणाऐवजी प्रतिकण घेतला, तर पहिल्या दोन गोष्टी जशाच्या तशा राहतात, पण गॅमाचं चिन्ह उलटतं. त्यामुळे कणाच्या बाबतीत लाटा एका प्रमाणात मिसळतात आणि प्रतिकणाच्या बाबतीत दुसऱ्या. भेदभाव निघतो तो इथून. दोन वाटा नसत्या, तर गॅमा असूनही दिसला नसता.

आता अडचण समजली असेल. मोजून हाती येतो तो एक फरक, आणि अज्ञात तीन. शाळेतलं बीजगणित आठवा: एक समीकरण, तीन अज्ञात, उत्तर नाही.

म्हणून डी-मेसॉनच्या वेगवेगळ्या विघटनांचा आधार घेतात. पहिली पद्धत १९९१ मध्ये ग्रोनाउ, लंडन आणि वायलर यांनी सुचवली. डी मोडून केऑन-प्रतिकेऑनची किंवा दोन पायॉनची जोडी निघते, ती घटना मोजायची. घटना भरपूर मिळतात, पण फरक लहान असतो आणि एकाच मोजमापात गॅमाची अनेक उत्तरं बसतात.

दुसरी पद्धत अॅटवुड, ड्युनिएट्झ आणि अमरजित सोनी यांची. तिची युक्ती मला सगळ्यांत जास्त आवडते. मोठ्या लाटेला पुढे मुद्दाम अवघड वाट घ्यायला लावायची आणि लहान लाटेला सोपी. शेवटी दोन्ही लाटा जवळपास सारख्या उंचीच्या होतात आणि फरक डोळ्यात भरतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेतला 'एलएचसीबी' प्रयोग या लेखात पुढे सारखा येणार आहे. तिथे या विघटनात ऋण आणि धन बी-मेसॉनमधली तफावत सुमारे ४५ टक्के निघाली. म्हणजे धन बाजूला अशा १०० घटना असतील तर ऋण बाजूला जेमतेम ३८. हजारात दोन वाल्या केऑनच्या तुलनेत हा भेदभाव अवाढव्य आहे. तोटा एकच: अशी घटना कोटी बी-मेसॉनमागे दोन-तीनच सापडतात.

तिसऱ्या पद्धतीत डी-मेसॉनचे तीन तुकडे होतात. तीन तुकडे ऊर्जा वाटून घेतात, आणि ती वाटणी दर वेळी वेगळी असते. एका नकाशावर या वाटण्या मांडल्या की नकाशाचा प्रत्येक भाग हे स्वतंत्र समीकरण होतं. काही भागांत धन बी-मेसॉन जास्त, काही भागांत ऋण. ही कल्पना मांडणाऱ्यांत सध्या आयआयटी हैदराबादला असलेले अंजन गिरी हे एक. २०२० मध्ये एलएचसीबीला या एकट्या पद्धतीतून ६८.७ अंश हे उत्तर मिळालं, सुमारे पाच अंशांच्या अनिश्चिततेसह.

या नकाशाची एक किल्ली मात्र सर्नकडे नव्हती. नकाशाच्या कोणत्या भागात डी आणि प्रति-डीच्या लाटांच्या लयीत किती अंतर आहे, हे आधी माहीत असावं लागतं. ते मोजलं बीजिंगच्या 'बेस-थ्री' प्रयोगाने आणि त्याआधी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या 'क्लिओ-सी'ने. तिथे डी आणि प्रति-डी जोडीनेच जन्मतात आणि एकमेकांशी क्वांटम नात्याने बांधलेले असतात. एक कसा मोडला ते पाहिलं की दुसऱ्याबद्दल कळतं. म्हणजे जिनिव्हाजवळ मोजलेल्या कोनात बीजिंगच्या मोजमापाचा थेट वाटा आहे.

एकत्र करायचं म्हणजे सरासरी काढायची का?

नाही, आणि हाच या सगळ्याचा गाभा आहे.

सरासरी तेव्हा काढतात, जेव्हा प्रत्येकाने एकच गोष्ट मोजलेली असते. इथे तसं नाही. डी आणि केऑन असलेलं विघटन घ्या, किंवा केऑनच्या जागी त्याचं उत्तेजित रूप घ्या, किंवा केऑनऐवजी पायॉन घ्या. दर वेळी लाटांचं प्रमाण नवं आणि बलामुळे पडलेलं अंतरही नवं. नवं विघटन आणलं की दोन नवे अज्ञात घरात येतात. पण गॅमा सगळ्यांचा एकच असतो. म्हणून सगळी समीकरणं एकत्र मांडून एकदमच सोडवावी लागतात.

एलएचसीबीने २०२१ मध्ये नेमकं हे केलं. १५१ मोजलेल्या राशी आणि त्यांतून एकदम काढायचे ५२ अज्ञात. गॅमा त्या ५२ पैकी फक्त एक. यात आणखी एक खुबी होती. डी-मेसॉन जगतो थोडाच, पण तेवढ्यात तो अधूनमधून प्रति-डी होतो आणि उलटही. आधीच्या हिशेबांत हा परिणाम बाहेरून आणलेल्या आकड्याने दुरुस्त केला जायचा. या वेळी बॉटम आणि चार्म क्वार्कची मोजमापं एकाच हिशेबात घातली. परिणाम असा, की बी-मेसॉनच्या माहितीमुळे डी-मेसॉनच्या अदलाबदलीतला एक महत्त्वाचा आकडा आधीच्या दुप्पट अचूकतेने कळला. गॅमा काढायला गेले आणि शेजारच्या शेतालाही पाणी मिळालं.

असा हिशेब करताना डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं ते सामायिक चुकांकडे. समजा पाच मोजमापांनी बीजिंगचा एकच आकडा वापरलाय आणि तो जरा सरकलेला आहे. मग पाचही उत्तरं एकाच दिशेला सरकतील. त्यांना पाच स्वतंत्र साक्षीदार धरलं, तर उत्तर खोट्या आत्मविश्वासाने अचूक वाटेल. म्हणून कोणती चूक कोणाकोणात वाटली गेलीय, याचा पूर्ण तक्ता हिशेबात घालावा लागतो.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतला 'बाबार' आणि जपानमधला 'बेल' या प्रयोगांची सगळी मेहनत मिळून गॅमा आला होता ६७ अंश, आणि अनिश्चितता ११ अंशांची. एलएचसीबीच्या एकत्रित हिशेबात २०१८ मध्ये तो ७४ अंश होता, पाच-सहा अंशांच्या अनिश्चिततेसह. आडवाटेचं उत्तर ६५ च्या आसपास असल्यामुळे तेव्हा थोडी कुजबुज झाली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, स्ट्रेंज क्वार्क असलेल्या बी-मेसॉनच्या एका मोजमापात तर थेट १२८ अंश आले, अनिश्चितता साधारण २० अंशांची.

मग डेटा वाढला. २०२१ मध्ये ६५.४, २०२२ मध्ये ६३.८ आणि २०२४ मध्ये ६४.६ अंश, अधिक-उणे २.८. त्या १२८ चं काय झालं? पुढच्या डेटासह तेच विघटन पुन्हा मोजलं, तेव्हा दोन्ही मिळून उत्तर ८१ च्या आसपास आलं, सुमारे १२ अंशांच्या अनिश्चिततेसह. सोशल मीडियावर 'शास्त्रज्ञ चक्रावले' असा मथळा दिसला, की अनिश्चितता किती आहे हे आधी बघायचं, ते एवढ्यासाठीच.

तर सातबारा आणि मोजणी सध्या जुळतात. बांध जागेवर आहे, निदान तीन अंशांच्या नजरेला तरी.

मग प्रतिद्रव्याचं कोडं सुटलं?

उलट ते अधिक घट्ट झालं. कोबायाशी-मास्कावा यांची चौकट प्रयोगशाळेत दिसणारा भेदभाव उत्तम समजावते. पण तेवढ्याच भेदभावाने सुरुवातीच्या विश्वात किती द्रव्य उरलं असतं याचा हिशेब केला, तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी येतं. आपल्याला अस्तित्वात आणण्याइतका भेदभाव या त्रिकोणात नाही. तो दुसरीकडे कुठेतरी असला पाहिजे: न सापडलेल्या कणांत, कदाचित न्यूट्रिनोंमध्ये. म्हणूनच गॅमा बारीक मोजायचा. दोन वाटांच्या उत्तरांत अर्ध्या अंशाची जरी खरीखुरी तफावत निघाली, तरी तो नव्या कणांचा माग असेल.

दरम्यान भेदभाव नवनव्या ठिकाणी दिसू लागलाय. २०१९ मध्ये चार्म क्वार्क असलेल्या कणांत तो पहिल्यांदा सिद्ध झाला. २०२५ मध्ये एलएचसीबीने तो बॅरिऑनमध्ये, म्हणजे तीन क्वार्कच्या कणांत, पहिल्यांदा पाहिला, सुमारे अडीच टक्के. आपल्या शरीरातले प्रोटॉन-न्यूट्रॉन याच कुळातले. म्हणून ही बातमी महत्त्वाची होती, जरी हा भेदभावही जुन्याच चौकटीत बसत असला तरी.

एलएचसीबीचं यंत्र नव्याने बांधून झालंय आणि २०२४ या एका वर्षात त्याने २०११ ते २०१८ या काळातल्या एकूण डेटाइतका डेटा जमवला. जपानमध्ये 'बेल-टू' चालू आहे. बेल आणि बेल-टू यांच्या एकत्रित हिशेबात गॅमा सुमारे ७५ अंश येतो, साडेसात अंशांच्या अनिश्चिततेसह. तिथे याच कोनाला 'फाय-थ्री' म्हणतात. त्या यंत्राच्या गाभ्याजवळ सिलिकॉनच्या पट्ट्यांचे थर आहेत आणि त्यातल्या एका थराचं काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने केलंय. एलएचसीबीचं पुढचं लक्ष्य आहे एका अंशाच्या आत, आणि नियोजित दुसऱ्या सुधारणेनंतर अर्ध्या अंशाच्याही आत. तेव्हा आडवाटेचा आकडाही तितकाच बारीक करावा लागेल, आणि त्यासाठी लागणारी काही गणितं महासंगणकांवर अजून चालू आहेत.